शेवट नसलेल्या चाली

मारिओ उडी मारतो तेव्हा मागच्या गाण्यातला एक सूर क्षणभर गप्प होतो. उडीच्या आवाजासाठी यंत्रात वेगळी जागाच नाही, ती गाण्याकडून काढून घ्यावी लागते. उडी संपली की सूर परत येतो, पण जिथे थांबला होता तिथे नाही. मधल्या काळात गाणं जिथवर पोचलं असेल तिथे तो येऊन मिळतो. खेळणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. गाळलेली जागा कानच भरून घेतो.

कोजी कोन्दो यांनी 1985 साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चं संगीत केलं. तेव्हा चित्रं, हालचाली, नियम आणि गाणी धरून अख्खा खेळ 40 किलोबाइटमध्ये बसवलेला होता. त्यामुळे गाणं लांब असून चालणार नव्हतं. शिवाय खेळणारा एखाद्या पातळीत किती वेळ रेंगाळेल, याचा अंदाज कुणालाच नव्हता. म्हणून चाल गोल बांधायची. शेवटचा सूर पहिल्या सुराला जोडून द्यायचा आणि सोडून द्यायची. खेळणारा मरेल किंवा जिंकेल तेव्हाच ती थांबणार.

संपादकांनी या अंकासाठी ‘उसनं’ असा विषय दिला तेव्हा मला या गोल चाली आठवल्या. जगभरात हजारो माणसं त्या उसन्या घेतात आणि नव्याने बांधतात. त्यातून बहुतेकांना पैसे मिळत नाहीत, कायदा त्यांच्या बाजूने धड उभा नाही, आणि तरीही पाव शतकात या उद्योगाची स्वतःची शिस्त तयार झाली आहे. आपल्याकडे रीमिक्स म्हटलं की 2002 सालचं ‘कांटा लगा’ आठवतं, जुनं गाणं आणि खाली धडधडणारा ठेका. हा प्रकार निराळा आहे. इथे मूळ ध्वनिमुद्रणातलं सहसा काहीच वापरत नाहीत. चाल तेवढी घेतात, आणि तिच्याभोवतीचं घर स्वतः बांधतात: कुणी एकट्या पियानोवर, कुणी मेटल बँडवर, कुणी जॅझच्या मोठ्या ताफ्यावर.

आवाज पाच, त्यातला एक खरखरीचा

पुण्यात सिंहगड रस्त्यावर दोन खोल्यांच्या घरात राहणारा एक पस्तिशीतला मुलगा (माझ्या वयाला तो मुलगाच) दिवसा जाहिरातींचे आवाज साफ करतो. रात्री तो जपानी खेळांच्या चाली उघडून बसतो. ‘उघडून’ हा त्याचाच शब्द. जुन्या कार्ट्रिजमध्ये गाण्याचं ध्वनिमुद्रण नसतंच. कोणता सूर, कधी, किती जोरात, अशा चिपला दिलेल्या सूचना असतात. तेवढा भाग वेगळा काढून त्याच्या फाइली केलेल्या आहेत, आणि त्या वाजवणारा प्लेअर मूळ चिपची हुबेहूब नक्कल करतो. नक्कल असल्यामुळे एकेक आवाज बंद करून उरलेले ऐकता येतात.

त्याने ‘मेगा मॅन 2’ लावला. 1988 सालच्या या खेळात डॉक्टर वायली नावाच्या खलनायकाच्या किल्ल्यात वाजणारी चाल रीमिक्सवाल्यांची सर्वांत लाडकी असावी. हा खेळ निंटेंडोच्या ज्या यंत्रावर चालायचा, त्यात पाच आवाज होते. दोन चौकोनी लहरीचे, बासरीला नाक आल्यासारखे. एक त्रिकोणी लहरीचा, खर्जासाठी. एक नुसत्या खरखरीचा, त्यातून ढोल-झांजा काढायच्या. आणि पाचवा, नमुना म्हणून साठवलेला छोटासा ध्वनी वाजवणारा.

“आता ऐका, काका,” म्हणून त्याने वरची सुरावट बंद केली. खाली नुसता खर्ज पळत होता, आणि तो एकटाही गाण्यासारखा वाटत होता. मग त्याने खर्ज बंद करून फक्त खरखर ठेवली. स्वयंपाकघरात कुकरची वाफ सुटावी तसा आवाज, पण लयीत.

आवाज कमी म्हणून संगीतकारांनी युक्त्या काढल्या. एका आवाजात एका वेळी एकच सूर निघतो, मग तीन सुरांचा मेळ कसा आणायचा? ते तिन्ही सूर सेकंदाच्या साठाव्या भागाने आलटून पालटून वाजवायचे. ऐकणाऱ्याला थरथरता मेळ ऐकू येतो. सभागृहाचा घुमारा हवा असेल तर दुसऱ्या चौकोनी आवाजाला पहिल्याचीच ओळ द्यायची, किंचित उशिरा आणि हलकी. माझ्या पिढीने ज्याला ‘टुणटुण’ म्हणून हसण्यावारी नेलं, त्यात एवढी हातचलाखी होती.

आणि करणाऱ्यांची नावंही धड कुठे नव्हती. प्रतिस्पर्धी माणसं पळवतील या भीतीने त्या काळी अनेक जपानी कंपन्या श्रेयनामावलीत खरी नावं देत नसत, टोपणनावं छापत. ‘मेगा मॅन 2’चे मुख्य संगीतकार ताकाशी तातेइशी. खेळाच्या शेवटी त्यांचं हे नाव दिसत नाही. खरी नावं शोधून काढण्याचं बरंचसं काम चाहत्यांनीच केलं.

“यात शेवट कुठे आहे?” मी विचारलं.

“नाहीच ना. तोच तर सगळा प्रश्न आहे.”

त्याचं म्हणणं असं: वाद्यं बदलणं सोपं आहे. चौकोनी आवाजाच्या जागी गिटार घातली की नवखा खूश होतो. पण मूळ चाल मिनिटभराची असते. ती दोनदा वाजवली की ऐकणारा कंटाळतो, कारण आता त्याच्या हातात खेळ नाही, उड्या मारायच्या नाहीत, मरायचं नाही. चाल एकटी पडते. मग तिला आरंभ द्यावा लागतो, मध्ये कुठेतरी तिच्यापासून दूर जावं लागतं, परतण्याची ओढ लावावी लागते आणि शेवटी तिला उतरवावं लागतं. नुसता आवाज हळूहळू बारीक करून निघून जाणं याला तो पळवाट म्हणतो. त्याच्या संगणकावर एका चालीच्या डझनभर आवृत्त्या पडलेल्या होत्या, आणि बहुतेक शेवटच्या वीस सेकंदांत अडकलेल्या.

मलाही नंतर पुष्कळ रीमिक्स ऐकल्यावर तेच वाटलं. चांगला आणि बरा यांतला फरक बहुधा शेवटच्या मिनिटात कळतो.

आपल्याकडचा सावकाश काँट्रा

हा मुलगा ‘काँट्रा’ या खेळाच्या पहिल्या पातळीची चाल बांधतो आहे, आणि ती मला जपानी मूळ चालीपेक्षा संथ वाटली. मुद्दाम का, असं विचारल्यावर तो म्हणाला, “माझा काँट्रा असाच होता.”

याला तांत्रिक कारण आहे. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेली ‘मीडिया’, ‘समुराय’ वगैरे नावांची यंत्रं निंटेंडोच्या यंत्राच्या नकला होत्या, आणि सोबत पिवळ्या कार्ट्रिजवर ‘9999 इन 1’ असा धादांत खोटा आकडा असायचा. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र रंगवायचा. आपला पाल पद्धतीचा टीव्ही 50 वेळा. खेळातलं संगीत चित्राच्या या ठोक्याला बांधलेलं असे, प्रत्येक ठोक्याला गाण्याची एक सूचना पुढे सरकायची. त्यामुळे पाल टीव्हीसाठी केलेल्या नकली यंत्रावर जपानी खेळ चालवला की तिथलं एका मिनिटाचं गाणं 72 सेकंदांचं व्हायचं. पट्टी जवळजवळ तीच राहायची, लय तेवढी उतरायची. त्यात काही नकली चिपांमध्ये चौकोनी लहरींच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली होती, म्हणजे सूर तोच आणि पोत वेगळा.

तेव्हा बीड-साताऱ्यातल्या पोरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत जे ऐकलं ते जपानी मुलांनी कधीच ऐकलं नाही. पुढे इंटरनेटवर ‘खरी’ चाल ऐकली की आपल्या माणसाला ती घाईत असल्यासारखी वाटते. मूळ कोणतं म्हणायचं? कारखान्यातून निघालेलं, की कानात बसलेलं? रीमिक्स करणारा दुसऱ्याशी इमान राखतो, आणि मला ते बरोबर वाटतं.

तीन आवाजांचा ब्रिटन

युरोपात ही गोष्ट वेगळ्या यंत्रापासून सुरू झाली. कमोडोर 64 हा घरगुती संगणक 1982 साली आला. त्यातली ‘सिड’ नावाची ध्वनीचिप बॉब यानेस या अभियंत्याने आखलेली. आवाज तीनच, पण त्यांना वाद्यासारखं घडवता येत होतं. सूर कसा उठावा, किती टिकावा, कसा विरावा हे ठरवता येई, आणि वर एक गाळणी होती. गंमत म्हणजे सुरुवातीच्या चिपांमधली ही गाळणी चिपागणिक वेगळी निघे. एकाच गल्लीतल्या दोन घरांत एकच गाणं थोडं निराळं ऐकू यायचं.

या तीन आवाजांवर उत्तर इंग्लंडच्या हल शहरातल्या रॉब हबर्ड यांनी जे केलं त्याला आजही तोड नाही. 1985 सालच्या ‘मॉन्टी ऑन द रन’ची त्यांची चाल अनेकांना या यंत्रावरची सर्वोत्तम वाटते. पण तीही निखळ त्यांची नाही. तिच्या मुळाशी चार्ल्स विल्यम्स यांची ‘डेव्हिल्स गॅलप’ ही धून आहे, जी बीबीसी रेडिओवरच्या डिक बार्टन या हेरकथेची ओळखधून होती. म्हणजे रेडिओवरून खेळात आणि खेळातून पुन्हा बँडच्या मंचावर. डेन्मार्कमधला एक बँड या चाली गिटार-ड्रमवर वाजवायचा. त्याचं नाव ‘प्रेस प्ले ऑन टेप’, म्हणजे खेळ कॅसेटवरून चढवताना कमोडोरच्या पडद्यावर उमटायची ती सूचना.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या ख्रिस ॲबट यांनी ‘बॅक इन टाइम’ नावाच्या सीडी काढल्या. परवानग्या रीतसर घेतल्या आणि मूळ संगीतकारांनाही सामील करून घेतलं. युरोपीय रीमिक्सवाल्यांमध्ये मूळ माणसाशी असलेलं हे घरोब्याचं नातं अजून टिकून आहे. जपानी खेळांच्या चाहत्यांना ते सहसा लाभलं नाही.

घड्याळ लावून बसलेले परीक्षक

अमेरिकेत डेव्हिड लॉइड या माणसाने डिसेंबर 1999 मध्ये ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ सुरू केलं. मुळात तो जुन्या खेळांच्या चाहत्यांसाठी विनोदी चित्रपट्टी काढायचा, त्याचं हे पिल्लू. ते वाढलं आणि मूळ चित्रपट्टी मागे पडली. आज तिथे 4,000 च्या वर रचना आहेत, सगळ्या फुकट. चालवणारे सगळे बिनपगारी.

मला रस होता तो परीक्षक मंडळात. रचना पाठवली की ती रांगेत लागते, आणि रांग महिनोन्‌महिन्यांची असते. परीक्षक स्वतः रीमिक्स करणारे. निर्णय कारणांसह लिहून जाहीर करतात, आणि ती कारणं वाचणं हा एक स्वतंत्र अभ्यास आहे. मूळ चाल रचनेत ठळक असली पाहिजे. साधारण दंडक असा की निम्म्याहून जास्त वेळ ती ओळखू यावी. शंका आली तर परीक्षक खरोखर घड्याळ लावून बसतात. इथपासून इथपर्यंत मुख्य सुरावट, इथे फक्त खर्ज उचललेला, ही वीस सेकंदं धरायची की नाही, अशी बेरीज मांडतात. पण उलट्या बाजूनेही रचना पडते. मूळ चाल तशीच ठेवून फक्त वाद्यं बदलली तर परत. तोच तुकडा नकलून पुन्हा चिकटवला तर परत. शेवट अचानक तुटला तर त्यावरही बोट ठेवतात.

स्वीकारलेल्या प्रत्येक रचनेसोबत खेळाचं, मूळ चालीचं आणि मूळ संगीतकाराचं नाव असतं. हे वाचताना मला जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं आठवली. ‘संगीत सौभद्र’च्या जुन्या प्रतीत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे शब्द छापलेले असत. उसनं घेतलंय हे लपवायचं कारणच नव्हतं. गायक-नट त्या उसन्या चालीचं काय करतो हे ऐकायला लोक यायचे, आणि वन्समोअर त्यालाच मिळायचा.

फरक एवढाच की ‘सौभद्र’कार किर्लोस्करांच्या मागे कुणाचा वकील लागला नाही.

कमी बदललं तर परीक्षक, जास्त बदललं तर कायदा

अमेरिकेच्या कायद्यात एक सोय आहे. प्रसिद्ध झालेलं गाणं कुणीही परवानगी न मागता पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो, मालकाला ठरलेला दर दिला की झालं. 2023 साली हा दर प्रतीमागे 12 सेंट झाला. पण अट अशी की आपल्या शैलीपुरता फेरफार करा, मूळ चालीचा गाभा बदलू नका. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने 31सी कलम आलं, ते आणखी कडक. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबायचं, दरवर्षी किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी मोजायची, आणि मालकाच्या संमतीशिवाय किंवा तांत्रिक गरजेशिवाय बदल करायचा नाही. सिंहगड रस्त्यावरच्या दोन खोल्यांतून हे कुणाला झेपणार?

गंमत बघा. परीक्षक म्हणतात, पुरेसं बदललं नाही म्हणून नापास. कायदा म्हणतो, बदललंस म्हणून गुन्हा. या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या बोळात ही मंडळी पंचवीस वर्षं राहत आली आहेत. ती टिकली, कारण बहुतेक कंपन्या डोळेझाक करतात.

ही डोळेझाक पैसा दिसला की संपते. 2012 साली ओव्हरक्लॉक्डच्या मंडळींनी ‘फायनल फँटसी 6’च्या संपूर्ण संगीताचा पाच सीडींचा रीमिक्स संच काढण्यासाठी लोकवर्गणी मागितली. संच इंटरनेटवर फुकटच मिळणार होता, पैसे सीडी छापायला हवे होते. हक्कदार स्क्वेअर एनिक्सकडून विचारणा झाली आणि मोहीम थांबवावी लागली. बोलणी झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. मागितले होते 30,000 डॉलर, आले दीड लाखाच्या वर.

जपानमध्येच याच्या अगदी उलटं एक उदाहरण आहे. ‘तोहो’ ही गोळीबाराच्या खेळांची मालिका झून या टोपणनावाचा एकटा माणूस करतो. चित्रं त्याची, नियम त्याचे, संगीतही त्याचंच. चाहत्यांनी काय करावं आणि काय करू नये हे त्याने लिहून ठेवलं आहे, आणि त्यात भरपूर मोकळीक आहे. त्यामुळे टोकियोत वर्षातून दोनदा भरणाऱ्या ‘कॉमिकेट’ या हौशी प्रकाशनांच्या जत्रेत तोहोच्या चालींवरच्या सीडींचे टेबलच्या टेबल लागतात. 1998 च्या एका खेळातल्या तिसऱ्या पातळीची ‘बॅड ॲपल’ ही चाल अल्स्ट्रोमेरिया रेकॉर्ड्स या हौशी गटाने 2007 साली शब्द घालून नाचाच्या ठेक्यावर बांधली. 2009 मध्ये कुणीतरी तिच्यावर काळ्या-पांढऱ्या सावल्यांचा व्हिडिओ केला. तेव्हापासून पडदा नावाची कोणतीही वस्तू दिसली, अगदी कॅल्क्युलेटरचा पडदासुद्धा, की कुणीतरी तिच्यावर ‘बॅड ॲपल’ चालवून दाखवतो. झूनचे मूळ खेळ न खेळलेल्यांनाही ती चाल पाठ आहे.

पुन्हा गोल

उसनं घेणाऱ्यांना कधी कधी मालकाच्या घरात बोलावणं येतं. कॅपकॉमने 2008 साली ‘सुपर स्ट्रीट फायटर 2 टर्बो’ची नवी आवृत्ती काढली, तेव्हा संगीताचं काम ओव्हरक्लॉक्डच्या चाहत्यांना दिलं. तिथेच रचना पाठवणाऱ्या डॅनी बारानॉव्स्की यांनी पुढे ‘सुपर मीट बॉय’चं संगीत केलं आणि जेक कॉफमन यांनी ‘शव्हेल नाइट’चं. ‘सोनिक’च्या चाली पुन्हा बांधून इंटरनेटवर टाकणारे टी लोपेस 2017 साली ‘सोनिक मेनिया’चे अधिकृत संगीतकार झाले. 2022 मध्ये ‘एट-बिट बिग बँड’ला ‘कर्बी’च्या एका चालीच्या जॅझ मांडणीसाठी ग्रॅमी मिळालं.

यांतला सर्वांत विचित्र प्रवास टोबी फॉक्सच्या ‘मेगालोव्हानिया’चा. ही चाल त्याने 2008 साली पहिल्यांदा वापरली, तीही ‘अर्थबाउंड’ या निंटेंडोच्या खेळात चाहता म्हणून स्वतः फेरफार करून. पुढे ती एका वेबकॉमिकमध्ये गेली, तिथून 2015 साली त्याच्याच ‘अंडरटेल’ या खेळात. 2019 मध्ये निंटेंडोने तिची नवी मांडणी आपल्या ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये घेतली, ती फॉक्सनेच केलेली. ज्या कंपनीच्या खेळाशी खोडी करताना ती वाजली होती, त्याच कंपनीकडे ती पाहुणी म्हणून आली. आणि जानेवारी 2022 मध्ये व्हॅटिकनला पोप फ्रान्सिस यांच्यासमोर सर्कशीच्या कलाकारांनी कसरती केल्या, त्यांच्या मागे हीच चाल वाजत होती.

पण खेळात प्रवेश मिळाला की चाहत्याने शिकलेली मुख्य गोष्ट निरुपयोगी ठरते. ‘सोनिक मेनिया’ची पातळी काय किंवा ‘स्ट्रीट फायटर’ची लढत काय, खेळणारा कधी आवरेल ते कुणाला ठाऊक? चाल पुन्हा गोल करावी लागते. वर्षानुवर्षं शेवट रचायला शिकलेल्या माणसाला आता तो शेवट सांधा न दिसता पहिल्या सुराला जोडायचा असतो, आणि मिनिटभराची चाल तासभर ऐकली तरी टोचू नये एवढी जपून लिहायची असते. कोन्दो यांनी 1985 मध्ये केलेलं कामच ते.

निंटेंडोने इतकी वर्षं आपलं संगीत मुठीत धरून ठेवलं. 2022 च्या सुरुवातीला मूळ चाली चढवणाऱ्या एका चाहत्याच्या यूट्यूब चॅनलवरचे 1,300 हून जास्त व्हिडिओ बंद पाडले. ऑक्टोबर 2024 मध्ये कंपनीने या चालींसाठी स्वतःचं ॲप काढलं. त्यात काही चालींना एक खास सोय आहे: चाल 15, 30 किंवा 60 मिनिटांपर्यंत लांबवता येते, मध्ये न तुटता. म्हणजे न संपणारी चाल आता कंपनीकडून रीतसर वर्गणी भरून मिळते. संपणारी हवी असेल तर अजून चाहत्यांकडेच जावं लागतं.